अर्जवाले सर आणि सोळा बांध्या

आमच्या कॉलेजात प्राचार्यांना तोंडी सांगून भागत होतं, देवाला तर मनातल्या मनात सांगितलं तरी चालत होतं; पण संगणकाच्या लॅबमधला बिघडलेला माउस बदलून हवा असेल तर लेखी अर्ज द्यावा लागे. अर्ज 'महोदय'ने सुरू व्हायला हवा, 'कळावे'ने संपायला हवा आणि उजव्या कोपऱ्यात तारीख हवी. तारीख नसली की सर तो कागद दोन बोटांनी उचलून परत करत. "आज लिवला का मागच्या पोळ्याले लिवला, मले कसं समजन?" मग आम्ही तारीख घालून पुन्हा रांगेत. तोवर तास संपलेला असे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. सगळं कॉलेज त्यांना अर्जवाले सर म्हणे. तुमसरमधल्या आमच्या त्या लहानशा कॉलेजात ते लॅबचे सहायक होते, तेही कंत्राटी. दर वर्षी त्यांची नेमणूक नव्याने होई आणि दर वर्षी त्यासाठी ते, अर्थातच, अर्ज करत. गाव पवनी तालुक्यातलं आसगाव. तुमसरात खोली करून राहत, शनिवारी दुपारच्या बसने गावी जात. पन्नाशीचा माणूस, खिशाला तीन पेनं, खांद्यावर दुपट्टा. त्या दुपट्ट्याने आधी कळफलक पुसायचा, मग चष्मा, मग कपाळ. हा क्रम मी तीन वर्षांत कधी बदललेला पाहिला नाही.

टाइप करत ते उजव्या हाताच्या एका बोटाने. बाकीची नऊ बोटं त्या एकाकडे बघत बसत. "जोऱ्यानं चुकन्यापरीस हळू बरोबर बरं," असं त्यांचं म्हणणं. म्हणण्यात काही खोट नव्हती. पण एका तासाला आम्ही मोजलं, तर दोन घंटांच्या मध्ये सरांच्या चार ओळी टाइप झाल्या होत्या, आणि त्यातली एक खोडून पुन्हा लिहिलेली होती.

त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांब वही असे. लिनक्सच्या सगळ्या आज्ञा त्यात हाताने उतरवलेल्या, आणि प्रत्येकीसमोर मराठीत शेरा. "येथे मशीन विचारते, खात्री आहे काय? खात्री नसल्यास पाणी पिऊन येणे." "या ठिकाणी दहा मिनिटे काहीच होत नाही. घाबरू नये." एका पानावर तर लाल शाईत होतं, "आज्ञा दिल्यावर मशीन काही बोलत नाही. लिनक्समध्ये न बोलणे म्हणजे होकार." हे वाक्य वाचून आम्ही मुली आठवडाभर हसलो होतो. कुणी इंटरनेटवरची आज्ञा उचलून तशीच चिकटवली, की सर मागे येऊन उभे राहत. "दुसऱ्याच्या हातानं जेवलं तं पोट भरते का?" भरतं, लहान बाळांचं भरतंच, हे उत्तर माझ्या ओठांवर असे.

मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. रोज बपेऱ्याहून बसने यायचे, वाटेत मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, आणि सर जे दोन तासांत शिकवत ते मला दोन थांब्यांच्या मधल्या अंतरात कळायचं. डब्याच्या सुट्टीत ओढणी खांद्यावर टाकून मी त्यांची नक्कल करायचे. एक बोट हवेत धरून मी कळफलकावर नेम धरत असले की मुलींच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा सर दारातच उभे होते. शेवटपर्यंत पाहून म्हणाले, "बोट वाकडं नोको धरू वो बाई. सरळ धरजो." आणि आत निघून गेले.

तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि आमच्यावर संकट आलं. नव्या नियमाप्रमाणे प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र लिनक्स मशीन हवी होती. तिच्यात त्याने सॉफ्टवेअर टाकायचं, मोडायचं आणि पुन्हा नीट करायचं. आम्ही सोळा जण होतो. लॅबमध्ये संगणकही सोळा होते, पण त्यांचं वय बघता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवतात हेच उपकार होते. त्यांच्याशिवाय धड म्हणावा असा एकच मोठा संगणक होता, बत्तीस जीबी मेमरीचा. प्राचार्यांनी तोडगा काढला: सोय होत नसेल तर परीक्षेचं केंद्र सोडून देऊ, मुलं भंडाऱ्याला जाऊन परीक्षा देतील.

बोलायला काय जातं. बपेरा म्हणजे जिल्ह्याचं टोक, दोन पावलं पुढे मध्य प्रदेश. भंडाऱ्याला परीक्षा सुटल्यावर तुमसरला यायचं आणि तिथून संध्याकाळची शेवटची बस पकडायची, हे गणित जुळत नव्हतं. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. "तुमसरपर्यंत ठीक हाये. भंडाऱ्याले जाऊन रातचं येनं, ते जमाचं नाई." आमच्या बाजूच्या आम्ही पाच मुली होतो आणि पाचही घरांत हेच उत्तर मिळालं. प्रात्यक्षिक नाही तर पदवी नाही. मी पहिल्यांदाच घाबरले, आणि इतर चौघींबरोबर अर्जवाल्या सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज द्या."

पाच मुलींच्या सह्यांचा अर्ज घेऊन सर प्राचार्यांकडे गेले. आम्ही दाराबाहेर कान लावून होतो. "सर, मोठी बांधी एकच हाये," ते सांगत होते. "तिच्यात धुरे टाकाचे अन् सोळा लहान बांध्या कराच्या. एकीतला धान सडला तरी दुसरीले धक्का नाई." बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा तुकडा, धुरा म्हणजे त्याचा बांध. एका संगणकाच्या पोटात सोळा संगणक चालवायचे, प्रत्येकाला बांध घालून वेगळं ठेवायचं, म्हणजे कुणी आपला मोडला तरी शेजारच्याचं काही बिघडत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. व्हर्च्युअल मशीनची याहून सोपी व्याख्या मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. प्राचार्यांना मात्र ती पटली नाही. "तुम्ही संगणक लावून राहिले का धान?"

"दोन्हीले पानी बरोबर वाटा लागते, सर," अर्जवाले सर म्हणाले.

या सोळा मशीनींचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चढवायला जाणत्या माणसाला अर्धा तास लागतो. आम्हाला पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी कळलं की एका मशीनच्या पोटात दुसरी चालवण्याची सोय संगणकाच्या मूळ सेटिंगमध्येच बंद करून ठेवली आहे. सुरू करायला एक कळ पुरे होती. सर म्हणाले, "आधीच्या मानसानं बंद ठेवलं असन, तं काई कारन असन." मग प्राचार्यांच्या सहीसाठी अर्ज. प्राचार्यांनी न वाचता सही केली. न वाचता सही केल्याचं सरांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी तो अर्ज त्यांना उभ्याने वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी आज्ञा दिली. मशीनने विचारलं, या सॉफ्टवेअरबरोबर आणखी अमुक अमुक गोष्टी येतील, चालेल का? यादी लांबलचक होती. जगात ती यादी कुणी वाचत नाही; सगळे 'हो' म्हणून मोकळे होतात. सरांनी आम्हा पाच जणींकडून एकेक नाव मोठ्याने वाचून घेतलं आणि वहीत उतरवलं. मी वैतागून विचारलं, काहून सर? तर म्हणाले, "घरात येनाऱ्या पाव्हन्याचं नाव तं इचारा लागते." संध्याकाळपर्यंत पाहुणे संपले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर आलं, पण ते चालवायला आपलं नाव त्याच्या गटात घालावं लागतं. सरांनी घातलं. तरी मशीन आत घेईना. पुस्तकात लिहिलं होतं, एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. म्हणजे संगणकातून आपलं खातं बंद करून परत उघडा. सरांनी खातं बंद केलं, आणि मग आम्हा सगळ्यांना लॅबमधून उठवून चपला घालायला लावल्या. आम्ही व्हरांड्यात जाऊन, उभं राहून, चपला काढून परत आत आलो. "मशीन बाहेर जाऊन आली, मंग आपन काहून बसून राहाचं?" असं म्हणून त्यांनी खातं उघडलं. त्या दिवशी माझी खात्री पटली, की हा माणूस आमची पदवी बुडवणार.

चौथा दिवस त्या सॉफ्टवेअरची पडद्यामागे चालणारी, पण झोपून राहिलेली सेवा उठवण्यात गेला. पाचव्या दिवशी मोठ्या पडद्यावर एक छोटा पडदा उघडला आणि त्यात दुसराच संगणक सुरू झाला. सर बराच वेळ बघत राहिले. मग वहीत लिहिलं, "पहिली बांधी तयार", खाली तारीख, आणि स्वतः जाऊन आमच्यासाठी तर्री-पोहे घेऊन आले. अर्ज न देता मिळालेली त्या लॅबमधली ती पहिली गोष्ट.

मग मेमरीची वाटणी आली. बत्तीस जीबी, सोळा मशीनी, प्रत्येकीला दोन. सरांनी एका रेषेत सोळा वेळा दोनाचा आकडा लिहिला आणि समाधानाने पेन खिशाला लावलं. मी म्हटलं, "सर, मुख्य मशीनला काहीच उरलं नाही. ज्याच्यावर सगळं उभं आहे त्याला तरी थोडी मेमरी ठेवा." सर म्हणाले, "लेखी दे." मी तिथंच लिहून दिलं: महोदय, मुख्य संगणकासाठी चार जीबी राखून ठेवावेत, ही विनंती. कळावे. तारीख घातली. सरांनी दोनदा वाचलं आणि खाली शेरा मारला, "नामंजूर. वाटणाऱ्याने आधी घेऊ नये."

त्यांच्या वडिलांकडे गावच्या तलावाचं पाणी वाटण्याचं काम होतं. त्यांच्या गावचा रिवाज असा, की जो पाणी वाटतो त्याची बांधी सगळ्यात शेवटी भिजते. आधी आपलं शेत भिजवणाऱ्याच्या हाती गाव पुन्हा पाणी देत नाही. सरांच्या लेखी मोठा संगणक हा वाटणारा होता, आणि वाटणाऱ्याने आपल्यासाठी चार जीबी बाजूला काढणं म्हणजे निव्वळ चोरी. मी कपाळाला हात लावला. संगणकाला रिवाज नसतो हे या माणसाला कोण सांगणार? मी इतर चौघींना घेऊन चाचणी केली, आणि सगळं सुरळीत चाललं. मेमरी कुणी वापरत नाही तोवर ती कागदावरच असते. सरांनी माझ्याकडे बघत चष्मा फार हळू पुसला.

परीक्षेच्या दिवशी नागपूरहून परीक्षक आले. सोळा जण बसले आणि सोळांनी एकदमच आपापल्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. दहाव्या मिनिटाला सोळाही पडदे थिजले. मोठ्या संगणकाचा पंखा घरघरू लागला आणि त्याच्या पडद्यावरचा बाणही हलेना. ज्याने वाटलं त्याच्याजवळ श्वास घ्यायलाही काही उरलं नव्हतं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास देतो. नाही झालं तर केंद्राबद्दल मला लिहावं लागेल." माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. मला बाबांचं वाक्य ऐकू येत होतं.

सरांनी काय केलं असेल? कपाट उघडलं. अर्जांची फाइल काढली. एकेक कागद उलटत माझा अर्ज शोधला. स्वतःचा 'नामंजूर' हा शब्द खोडला, वर 'मंजूर' लिहिलं, सही केली, तारीख घातली, आणि मगच संगणकाच्या बटणाला हात लावला. त्या क्षणी माझ्या हातात काही जड वस्तू असती तर मी आज हे लिहायला बाहेर नसते.

संगणक पुन्हा सुरू झाला. बत्तीसातून चार वजा, उरले अठ्ठावीस, प्रत्येकीला पावणेदोन. सर एका बोटाने सेटिंग बदलू लागले. दोन मशीनी झाल्या आणि घड्याळातली दहा मिनिटं गेली. चौदा बाकी होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आमच्या पाच जणींकडे पाहिलं, आणि खुर्चीवरून उठले.

"बस वो. तू टाइप."

"अर्ज, सर?" मी म्हणाले. हो, तशा वेळीसुद्धा म्हणाले.

"मागाहून देजो."

त्यांनी वहीतून आज्ञा वाचली. मी ती एकदा टाइप केली आणि चौदा मशीनींसाठी चौदा वेळा चिकटवली, फक्त नंबर बदलत गेले. सर मागे उभे राहून हे सगळं बघत होते. काही बोलले नाहीत. लिनक्समध्ये न बोलणं म्हणजे होकार. अर्धा तास संपायला थोडी मिनिटं असताना सोळाही पडदे जागे झाले आणि परीक्षा पार पडली. आम्ही पाचही जणी संध्याकाळच्या बसमध्ये होतो.

पण बस निघण्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. पेपर संपल्यावर प्राचार्य आले आणि परीक्षकांसमोर त्यांनी विचारलं, मशीन बंद पडली कशी? सर उत्तर देण्यासाठी चष्मा पुसत होते. तेवढ्यात मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "मी आधीच लेखी दिलं होतं, सर. यांनी नामंजूर केलं." मला शाबासकी हवी होती. ती मिळाली. प्राचार्य म्हणाले, "कुठं आहे तो कागद?"

सरांची लॅब सोडली तर त्या कॉलेजात कुणी कधी काही लेखी देत नसे. गळकं छत, रिकामी पदं, न आलेलं सामान, सगळं तोंडी. पुरावा म्हणून दाखवता येईल असा कागद अख्ख्या इमारतीत एकाच माणसाच्या फाइलमध्ये होता, आणि तो त्याने स्वतःच काढून दिला. वर एक पान जोडलं: "सदर चूक सर्वस्वी माझी आहे. विद्यार्थिनीने वेळेत कळवले होते." खाली सही आणि तारीख. केंद्र टिकलं. प्राचार्यांनी त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर स्वतःच्या नियोजनाचं कौतुक लावलं. जूनमध्ये सगळ्यांच्या नेमणुका नव्याने झाल्या, अर्जवाल्या सरांची झाली नाही. त्यांचा अर्ज मात्र वेळेत आला होता, असं कारकुनाने हसून सांगितलं.

मी पास झाले. पुण्याला नोकरी लागली. काम हेच, एका मोठ्या मशीनवर शेकडो लहान मशीनी उभ्या करायच्या. पहिल्या आठवड्यात साहेबांनी शिकवलं, मूळ मशीनसाठी आधी थोडी मेमरी बाजूला काढा, आणि मी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. सरांना फोन करायचा असं चार वर्षं ठरवत होते. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

गेल्या दिवाळीत मंडईच्या जत्रेसाठी गावी आले होते. एक दिवस सकाळी निघाले, तुमसर, भंडारा, पवनी करत आसगावला पोहोचले. भंडाऱ्याला जायला आता घरी विचारावं लागत नाही. सर तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, होते. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी सुटलं होतं; ते वाटायचं वडिलांचं काम आता सरांकडे होतं, आणि हातात तीच निळी वही होती. समोर एक शेतकरी हातात कागद घेऊन उभा. "तारीख नाई गा याच्यावर," सर त्याला सांगत होते. मला हसू आलं.

मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "या वो बाई. बोट सरळ झालं का?" त्यांनी बांध्या दाखवल्या. पाण्याने चमकणाऱ्या, एकीखाली एक. अगदी टोकाला एक कोरडी होती, भेगा पडलेली, धान पिवळट. कुणाची ते मी विचारलं नाही.

"सर, चार जीबी राखून ठेवायला हवे होते इथंही," मी म्हणाले.

"हाव. पन इथं रिवाज हाये," ते म्हणाले. "मशीनले रिवाज नव्हता. ते मले उशिरा समजलं."

मी पर्समधून कागद काढून त्यांना दिला. बसमध्येच लिहिला होता. महोदय, त्या दिवशी मी प्राचार्यांसमोर बोलले नसते तर आपली नोकरी गेली नसती. मला क्षमा करावी, ही विनंती. कळावे. सरांनी दुपट्ट्याने चष्मा पुसला, मग कपाळ. कळफलक नव्हता. कागद दोनदा वाचला, वहीवर ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि सावकाश काहीतरी लिहून कागद माझ्या हातात परत दिला.

"नामंजूर. अर्जदाराने खरे तेच सांगितले."

खाली सही होती. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं मी तारीख घालायला विसरले होते, तिथं त्यांनीच ती घातली होती.